वसईची मात्रिझ : धर्मग्रामाचे चर्च आणि ‘रोमनेस्क’ ही संज्ञा

१

‘रोमनेस्क’ ही संज्ञा मराठी विद्यार्थ्यास कलेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून भेटते, आणि बहुधा तेथेच राहते. जाड भिंती, अर्धगोल कमानी, लहान खिडक्या, दगडी कमानछत, बुटका व भक्कम मनोरा ही लक्षणे पाठ होतात. ती ज्या समाजव्यवस्थेतून निर्माण झाली तिचा विचार मात्र मागे पडतो. यामुळे एक विपरीत गोष्ट घडते. यांपैकी दोन-तीन लक्षणे कोठेही एकत्र दिसली की त्या वास्तूस रोमनेस्क म्हटले जाते, आणि ती न दिसल्यास त्या वास्तूचा मध्ययुगाशी काहीच संबंध नाही असे मानले जाते. हे दोन्ही निष्कर्ष एकाच चुकीच्या रीतीने काढलेले असतात. वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफच्या नावे असलेल्या चर्चचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वेस मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळचे पठार आहे आणि दक्षिण-पश्चिमेस खाडीच्या मुखाशी वसई. सूर्यमाळ, जव्हार, मोखाडा या डोंगरी पट्ट्यातील घर कारवीच्या कुडाचे, माती-शेणाने सारवलेले, लाकडी मेढींवर उभे. वसईतील वास्तू काळ्या दगडाच्या व चुन्याच्या. मध्ययुगीन युरोपीय परंपरेशी नाते सांगणारी दगडी चर्चवास्तू या जिल्ह्यात शोधावयाची तर वसईकडेच जावे लागते. सूर्यमाळच्या कुडाच्या घराचा उल्लेख येथे केवळ भूगोलासाठी केलेला नाही. वास्तू टिकणे म्हणजे नेमके काय टिकणे, या प्रश्नाच्या संदर्भात पुढे त्याचा उपयोग व्हावयाचा आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी. रोमनेस्क शैलीत बांधणाऱ्या गवंड्यांना आपण रोमनेस्क बांधीत आहोत याची कल्पना असणे शक्यच नव्हते. फ्रेंच पुराणवस्तुज्ञ शार्ल द जेर्व्हिल याने १८१८मध्ये हा शब्द फ्रेंच भाषेत वापरला, १८१९मध्ये इंग्रज लेखक विल्यम गन याच्या ग्रंथातून तो इंग्रजीत आला, आणि आर्सिस द कोमाँ याने त्यास शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. रोमन प्रांतांत लॅटिनचा अपभ्रंश होऊन ज्याप्रमाणे रोमान्स भाषा निर्माण झाल्या, त्याप्रमाणे रोमन वास्तुकलेच्या अपभ्रंशातून ही कला निर्माण झाली, अशी त्यामागची कल्पना होती. म्हणजे संज्ञेच्या मुळाशीच भाषेचे रूपक आहे. रोमान्स भाषांना कोणी आज बिघडलेली लॅटिन म्हणत नाही, आणि रोमनेस्कलाही बिघडलेली रोमन कला म्हणण्याचे दिवस मागे पडले आहेत. तथापि ‘जुने, जड, अर्धवट’ ही त्या शब्दास चिकटलेली छटा अद्याप पुरती गेलेली नाही.

कालदृष्ट्या ही कला साधारणतः दहाव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची. त्या काळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०चा आहे, आणि जर्मनीतील स्पायर येथील प्रचंड रोमनेस्क कॅथीड्रलचे समर्पण १०६१मध्ये झाले. एका वर्षाच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन वास्तू परस्परांस सर्वस्वी अनोळखी होत्या. अंबरनाथच्या स्थपतीने दगडाचे थर क्रमाने पुढे काढीत छत मिटवले. दगडाचा भार सरळ खाली उतरत असल्याने त्याने सारे लक्ष पृष्ठभागाच्या घडणीकडे आणि कोरीवकामाकडे दिले. युरोपीय गवंड्याने पाचरीच्या आकाराचे दगड कमानीत बसवले. ते दगड एकमेकांस दाबून धरतात, पण भिंतीस बाहेर ढकलतात. या ढकलीला आवर घालण्यासाठी भिंत जाड करावी लागते, जाड भिंतीत खिडकी लहान ठेवावी लागते, आणि खिडकी लहान म्हणून आतील प्रकाश मंद राहतो. रोमनेस्कचे गांभीर्य म्हणून ज्याचे वर्णन होते, त्याचा बराचसा भाग या एका बांधकामविषयक अडचणीतून निघालेला आहे.

यावरून एक कसोटी हाती येते. अर्धगोल कमान दिसली म्हणून एखादी वास्तू रोमनेस्क ठरत नाही. अर्धगोल कमान रोमन काळीही होती आणि रेनेसाँमध्ये ती पुन्हा मोठ्या डौलाने आली. भार, ढकल, भिंत आणि प्रकाश यांचे परस्परसंबंध कोणत्या गरजेतून ठरले, हा खरा प्रश्न आहे.

३

दुसरी गोष्ट धर्मग्रामाच्या चर्चविषयी. मध्ययुगीन वास्तूंचा इतिहास बहुधा कॅथीड्रले आणि मठ यांच्या आधारे लिहिला जातो. त्या काळच्या बहुसंख्य ख्रिस्ती माणसांचे आयुष्य मात्र गावच्या चर्चशी बांधलेले होते. तेथेच स्नानसंस्कार, तेथेच विवाह, तेथेच दफन. १२१५च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असा दंडक घातला. ‘आपल्या’ या शब्दात धर्मग्रामाची सारी कल्पना सामावलेली आहे. माणूस कोणत्या चर्चचा, हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. तो राहतो त्या भूमीने ते ठरत होते.

या व्यवस्थेस साजेशी वास्तू साधी असते. पश्चिमेकडे लोकांचे सभागार, पूर्वेकडे वेदीस्थान, दाराजवळ स्नानकुंड, आणि हाक ऐकू जावी अशा उंचीवर घंटा. इंग्लंडमधील हेरफर्डशर परगण्यातील किलपेक येथील सुमारे ११४०चे लहान चर्च या प्रकाराचा उत्तम नमुना मानला जातो. सभागार, त्यास जोडून वेदीस्थान, आणि त्यापुढे अर्धवर्तुळाकार टोक, असे त्याचे तीन खण आहेत. छताखालच्या ओळीत ८०हून अधिक कोरीव दगड आजही आहेत. त्यांवर माणसे, कुत्रे, ससे, मासे आणि कल्पित प्राणी कोरलेले आहेत. मोठ्या कॅथीड्रलमध्ये शिल्पाची योजना धर्मशास्त्रज्ञ आखून देई. किलपेकमध्ये गावाने आपल्या कल्पनेतील सारे जग छपराखाली आणून बसवले आहे. धर्मग्रामाच्या चर्चची ही मोकळीक त्याच्या गौणत्वातूनच आलेली असते.

पोर्तुगालमध्येही हाच प्रकार उत्तरेकडील सोझा, तामेगा व दौरो नद्यांच्या खोऱ्यांत ग्रॅनाइटच्या लहान चर्चांतून आढळतो. त्याखेरीज पोर्तुगालच्या इतिहासाने तेथील रोमनेस्कला आणखी एक वळण दिले. ती भूमी मुस्लिम सत्तांशी लढत लढत दक्षिणेकडे सरकत होती. कोइंब्रा येथील बाराव्या शतकातील जुन्या कॅथीड्रलच्या भिंतींवर किल्ल्याप्रमाणे कंगोरे आहेत, आणि त्याच्या दर्शनी भागातून एक भक्कम चौकोनी भाग बुरुजासारखा पुढे आलेला आहे. लिस्बनचे कॅथीड्रल ११४७मध्ये शहर जिंकल्यानंतर उभे राहू लागले. प्रार्थनेची जागा आणि संरक्षणाची जागा यांत फार अंतर न ठेवण्याची सवय पोर्तुगीज बांधणीस अशी लागली. चार शतकांनंतर ही सवय समुद्रमार्गे कोकणात आली.

४

वसईच्या परिसराचा ख्रिस्ती धर्माशी संबंध पोर्तुगीजांपासूनच सुरू झाला असे नाही. १३२१मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस याने त्यांचे देह सोपारा येथे पुरले. त्या काळातील कोणतीही ख्रिस्ती वास्तू मात्र आज अभ्यासास उपलब्ध नाही. म्हणून वास्तूंचा इतिहास १५३४पासून धरावा लागतो. त्या वर्षी २३ डिसेंबर रोजी झालेल्या तहान्वये गुजरातच्या बहादुरशाहने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, आणि पुढे दोन वर्षांनी किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला.

संत जोसेफचे चर्च राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेने १५४६च्या सुमारास उभारले गेले. त्याच्या दारावरील शिलालेख १६०१चा आहे. आर्चबिशप दों फ्रेय आलेशु द मेनेझिश आणि विगार पेद्रु गाल्व्हांव पेरेरा यांच्या कारकिर्दीत या मात्रिझचे नवनिर्माण झाले, एवढाच त्या लेखाचा आशय आहे. हा लेख लहान असला तरी या वास्तूविषयी प्रचलित असलेल्या दोन समजुतींचा निकाल त्याच्या आधारे लागतो.

पहिली समजूत नावाची. पर्यटकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांतून आणि लोकांच्या बोलण्यातून या वास्तूस सर्रास ‘सेंट जोसेफ कॅथीड्रल’ म्हटले जाते. कॅथीड्रल म्हणजे बिशपच्या आसनाचे चर्च. पोर्तुगीज अमलात वसईस बिशपचे आसन नव्हते. शिलालेखात जो आर्चबिशप आहे तो गोव्याचा. वसईचा म्हणून जो उल्लेख आहे तो विगाराचा, म्हणजे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूचा. वास्तूसाठी वापरलेला शब्दही ‘मात्रिझ’ हाच आहे. मात्रिझ म्हणजे नगरातील मुख्य धर्मग्रामाचे चर्च, ज्याच्यापासून इतर धर्मग्राम वेगळे निघू शकतात असे मातृचर्च. वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८मध्ये झाली, आणि त्याचे कॅथीड्रल किल्ल्याबाहेर पापडी येथील अवर लेडी ऑफ ग्रेस हे चर्च आहे. तेव्हा किल्ल्यातील वास्तू कॅथीड्रल कधीच नव्हती. हा केवळ शब्दाचा वाद नाही. कॅथीड्रल समजून पाहणाऱ्यास ही वास्तू लहान, साधी आणि काहीशी निराशाजनक वाटते. धर्मग्रामाचे चर्च समजून पाहिल्यास तिचा प्रत्येक भाग आपल्या कामाशी जुळतो.

दुसरी समजूत काळाची. उभारणीचे वर्ष १५४६च्या सुमाराचे म्हणून समोर दिसणारे सारे त्याच वर्षांतले, असे गृहीत धरले जाते. शिलालेख नवनिर्माणाचा आहे आणि त्याला पंचावन्न वर्षे मध्ये गेलेली आहेत. या पंचावन्न वर्षांत कॅथलिक जगात मोठे स्थित्यंतर झाले होते. ट्रेंटची परिषद १५४५ ते १५६३ या काळात भरली. तिने धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातच राहावे, आपल्या लोकांना ओळखावे, विवाह आणि स्नानसंस्कार यांच्या नोंदी ठेवाव्यात असा आग्रह धरला. मेनेझिश हा या शिस्तीचा कट्टर पुरस्कर्ता. १५९९मध्ये केरळातील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्याने तेथील प्राचीन सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती समाजावर हीच शिस्त लादली, आणि त्यातून उद्भवलेली कटुता पुढील शतकात फुटीपर्यंत गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी वसईच्या मात्रिझवर त्याचे नाव कोरले गेले. केरळात जी शिस्त संघर्षाच्या रूपाने आली ती वसईत बांधकामाच्या रूपाने आली, असे म्हणावयास हरकत नाही. धर्मग्राम ही संस्था नव्याने घडवली जात असताना तिची वास्तूही नव्याने घडवली जावी, हा योगायोग नाही.

५

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळावयाचे. मात्रिझचा दर्शनी भाग म्हणजे मुख्यतः तिचा मनोरा. तो एका बाजूस नाही. तो दर्शनी भागाच्या मध्यावर, प्रवेशाच्या थेट वर उभा आहे. चर्चमध्ये येणारा माणूस मनोऱ्याच्या खालून आत येतो. आत अरुंद चक्राकार जिना आहे, आणि त्यावरून वर गेल्यास किल्ला, खाडी आणि भोवतालच्या वाड्या एका नजरेत येतात. घंटेचा मनोरा आणि टेहळणीचा मनोरा असे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात.

वसईच्या त्याच तटात येशूसंघीयांचे चर्च आहे. त्याचा दर्शनी भाग सपाट पडद्यासारखा असून त्यावर रेनेसाँच्या रीतीचे पन्हळदार स्तंभ, त्यांवरील पानांचे शीर्ष, आणि प्रमाणबद्ध पट्टे आहेत. कोरीवकाम नेटके आहे. दोन्ही वास्तूंचे नगर एक, दगड एक, गवंड्यांचा वर्गही एकच असावयाचा. मग इतका फरक का? मात्रिझ जुन्या वळणाची आणि येशूसंघीयांचे चर्च नव्या वळणाचे, असे म्हणून भागत नाही. कारण मात्रिझचे नवनिर्माण १६०१मध्ये झाले, आणि तोवर रेनेसाँची रीत वसईत व गोव्यात पूर्णपणे परिचित झाली होती. फरक काळाचा नाही, संस्थेचा आहे. येशूसंघास आपली विद्या आणि जगभर पसरलेली आपली एकवाक्यता दाखवावयाची होती, आणि त्यासाठी स्तंभांची सर्वमान्य भाषा उपयोगी पडली. धर्मग्रामास आपल्या माणसांना हाक मारावयाची होती, आणि त्यासाठी मनोरा हवा होता. मध्ययुगीन गावातील चर्चने ज्या कारणासाठी मनोरा उभारला त्याच कारणासाठी वसईच्या मात्रिझने तो उभारला. शैलीचे आयुष्य संपल्यानंतरही तिच्या मागची गरज जिवंत राहते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

जुन्या गोव्यातील अवर लेडी ऑफ द रोझरी हे १५४०च्या दशकातील चर्च याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. तेथेही दर्शनी भाग मनोऱ्यासारखा उंच आहे, कोपऱ्यांना गोल बुरुजवजा आधार आहेत, आणि एकूण रूप लहानशा किल्ल्याचे आहे. त्या आधारांवरील दोरखंडाची नक्षी पोर्तुगालमधील राजा मानुएलच्या काळच्या शैलीची आहे. म्हणजे वसईची मात्रिझ एकाकी नाही. पोर्तुगीज सत्तेच्या पहिल्या पिढीतील चर्चांचा एक वर्ग होता आणि त्याची मुळे मायदेशाच्या तटबंद चर्चांत होती. गोव्यात पुढे दोन मनोऱ्यांच्या, पांढऱ्या गिलाव्याच्या चर्चांनी हा वर्ग मागे सारला. पाउलु व्हारेला गोमिश यांनी २०११मधील आपल्या ग्रंथात गोव्याची ती पुढील चर्चपरंपरा पोर्तुगीज नसून गोमंतकीय आहे असे प्रतिपादन केले आहे. त्यांचे प्रतिपादन गोव्याच्या गावोगावच्या चर्चांना चांगले लागू पडते. वसईच्या तटातील मात्रिझला ते जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण तटातील चर्च प्रथमतः वसाहतीतील पोर्तुगीज रहिवाशांचे होते. येथील समाजाने आपल्या हातांनी घडवलेली परंपरा पाहावयाची तर तटाबाहेरच्या धर्मग्रामांकडे पाहावे लागेल.

बांधकामाच्या साहित्याचा विचारही येथे आवश्यक आहे. वसईचा दगड हा दख्खनच्या लाव्हारसाच्या थरांतील काळा पाषाण. सूर्यमाळच्या पठारापासून वसईच्या खाडीपर्यंत सर्वत्र तोच. गोव्यात मुख्यतः जांभा मिळतो. तो मऊ, भोकांचा आणि बारीक कोरीवकामास निरुपयोगी. म्हणून जुन्या गोव्यातील बॉम जीझसच्या (१५९४–१६०५) दर्शनी भागावरील कोरीवकामासाठी काळा दगड वसईहून नेण्यात आला. गोव्याची धार्मिक सत्ता वसईवर चाले, आणि वसईचा दगड गोव्याच्या वैभवास उपयोगी पडे. एकाच वेळी दोन्ही दिशांनी चाललेल्या या देवघेवीचा उल्लेख वसईच्या वर्णनांत क्वचितच येतो.

छताचा प्रश्न सर्वांत बोलका आहे. वसईच्या भग्न चर्चांतून हिंडताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. सभागार आभाळाकडे उघडे आहे, वेदीस्थानावरील अर्धगोल कमानछत मात्र कोठे कोठे तग धरून आहे. याचे कारण बांधणीतच आहे. लोकांच्या रुंद सभागारावर लाकडी आढ्याचे कौलारू छप्पर, आणि वेदीच्या अरुंद जागेवर दगडी कमानछत, अशी विभागणी होती. मध्ययुगीन युरोपातील असंख्य ग्रामीण चर्चांत हीच विभागणी आढळते, कारण रुंद जागा दगडाने मिटवणे खर्चाचे आणि धोक्याचे असते. पवित्रतेची पायरी आणि बांधकामाची काटकसर येथे हातात हात घालून चालतात. मे १६१८मधील भयंकर वादळात वसईतील चर्चे आणि मठ यांची छपरे उडाली. १६७४मध्ये मस्कतच्या अरबांनी परिसरातील चर्चे लुटली. लाकडी छप्पर मोडले तरी पुन्हा घालता येते. त्यासाठी घालणारा समाज मात्र हजर असावा लागतो. १७३९नंतर तटात तसा समाज राहिला नाही, आणि आज सभागार उघडे पडले आहे ते त्या अनुपस्थितीमुळे.

तेव्हा मात्रिझला रोमनेस्क म्हणावे काय? शैलीच्या अर्थाने नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास उभारलेली आणि १६०१मध्ये नवी झालेली वास्तू बाराव्या शतकाच्या शैलीत घालणे हा कालविपर्यास होय. परंतु एक प्रवेश-मनोरा, त्यामागे लोकांचे सभागार, त्यापुढे दगडी छताचे वेदीस्थान, भिंतीच्या जाडीवर ठेवलेला भरवसा, आणि संरक्षणाची सतत जाणीव, ही मांडणी रोमनेस्क काळातील धर्मग्रामाने घडवलेली आहे. शैली बदलली, मांडणी राहिली. हा भेद करणे हेच समीक्षकाचे काम असते.

६

या वास्तूवर झालेल्या लेखनाकडे पाहता त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. जोझे जेर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसई यांच्या इतिहासावर व प्राचीन अवशेषांवर लिहिलेला ग्रंथ १८७६मध्ये प्रसिद्ध झाला. द कुन्या गोव्यातील हडफडे गावचे, व्यवसायाने वैद्य, आणि पोर्तुगीज साधनांशी घरोबा असलेले. त्यांनी शिलालेख वाचले, कबरींवरील मजकूर उतरून घेतला, धर्मसंघांचा वृत्तांत जुळवला. वसईच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला हे निर्विवाद आहे. त्यांची दृष्टी मात्र इतिहासकाराची होती. वास्तू म्हणजे त्यांना प्रामुख्याने लेख असलेली भिंत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील ठाणे जिल्ह्याच्या खंडात, १८८२मध्ये, वर्णन अधिक तपशिलाने आले. तेथेही मोजमाप आहे, मांडणीमागील हेतूचा विचार नाही.

त्याच १८७६ साली जेम्स फर्ग्युसन यांचा भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा विख्यात ग्रंथ बाहेर आला. त्याची विभागणी बौद्ध, जैन, हिंदू, इस्लामी अशी होती आणि चर्चला त्या मांडणीत जागाच नव्हती. या एका वर्षात वसईची मात्रिझ दोन दिशांनी एकाकी पडली. इतिहासाने तिला जवळ केले पण वास्तू म्हणून पाहिले नाही, आणि वास्तुशास्त्राने तिला भारतीय म्हणून पाहिलेच नाही. मराठीतील लेखनात या दोन वृत्तींचे पडसाद उमटत राहिले. मराठी इतिहासलेखनात वसई म्हणजे चिमाजी आप्पांचा विजय. हा विजय मोठा होता आणि त्याचे स्मरण योग्यच आहे. परंतु त्यामुळे तटातील वास्तू केवळ पराभूत शत्रूचे अवशेष म्हणून पाहिल्या गेल्या. दुसऱ्या बाजूस भग्नावशेषांविषयीचा हळवेपणा वाढला. वेलींनी वेढलेल्या कमानी आणि सायंकाळचा प्रकाश यांच्या वर्णनात वास्तूचा विचार हरवला. शत्रूचे अवशेष म्हणा की रम्य अवशेष म्हणा, दोन्ही दृष्टींना माणसे दिसत नाहीत.

७

मे १७३९मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. शरणागतीच्या अटींत मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मोकळीक होती. पोर्तुगीज घराणी आणि धर्मसंघ निघून गेले. चर्चांच्या घंटा विजयाची चिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर, मेणवली येथील घंटा वसईच्या म्हणून दाखवल्या जातात. घंटेचे हे स्थलांतर अर्थपूर्ण आहे. मनोरा ज्यासाठी उभा होता तीच वस्तू निघून गेली, आणि दुसऱ्या देवाच्या दारी तिने आपले हाक मारण्याचे काम पुढे चालू ठेवले. मंदिराच्या दृष्टीने तिचे विजयचिन्ह असणे हळूहळू गौण झाले आणि ती केवळ घंटा राहिली.

तटाबाहेरचा ख्रिस्ती समाज मात्र राहिला. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपली बोली, शेती, बागायत, मासेमारी यांसह आपले धर्मग्राम टिकवले. पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल या गावांतील चर्चे ही त्यांची केंद्रे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि वसईच्या वेदीवर मराठी रुजली. किल्ल्यातही येथील समाजाचे नाते सर्वस्वी तुटलेले नाही. वसईत जन्मलेले आणि १५९७मध्ये जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य पत्करलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२मध्ये संतपद मिळाले. त्यांचा सण किल्ल्यातील येशूसंघीयांच्या जुन्या चर्चमध्ये दरवर्षी साजरा होतो. त्या दिवशी भग्न म्हणून गणलेली वास्तू पुन्हा चर्च होते.

येथे सूर्यमाळच्या कुडाच्या घराचे स्मरण करावयाचे. ते घर काही वर्षांनी नव्याने बांधावे लागते. कारवी कुजते, माती झडते. घर बांधण्याची रीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण ती वस्तीत राहणाऱ्यांच्या हातांत असते. वसईच्या मात्रिझचे उलट झाले. भिंत राहिली, रीत तटाबाहेर गेली. वास्तूचे टिकणे आणि संस्थेचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जिल्ह्याची दोन टोके मिळून शिकवतात. एकट्या दगडाच्या आधारे धर्मग्रामाचा इतिहास लिहिणे म्हणजे अर्धाच पुरावा वाचणे होय.

याचा जतनाच्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि ढासळत्या भिंतींना आधार देणे हे आवश्यक काम आहे. परंतु कोणती वास्तू जतन होत आहे याची कल्पना चुकीची असेल तर दुरुस्तीही चुकीच्या दिशेने जाते. कॅथीड्रल समजून जतन केल्यास भव्यता शोधली जाईल, आणि ती नसेल तेथे नव्या चुन्याने व नव्या कोरीव दगडांनी निर्माण करण्याचा मोह होईल. मात्रिझ समजून जतन केल्यास मनोरा, त्याखालील प्रवेश, जिना, स्नानकुंडाची जागा, सभागार आणि वेदीस्थान यांच्यातील पायरी यांना महत्त्व येईल, आणि उघड्या सभागारावर छप्पर नसणे हीदेखील इतिहासाची नोंद म्हणून जपली जाईल.

पदव्युत्तर अभ्यासकास येथे करण्यासारखे काम बरेच आहे. भिंतीची जाडी आणि तिने पेललेल्या छताची रुंदी यांचे प्रमाण मोजून दगडी छताचे व लाकडी छताचे भाग वेगळे काढता येतील. मूळ बांधकाम आणि १६०१चे नवनिर्माण यांतील सांधे दगडाच्या घडणीवरून व चुन्याच्या थरांवरून तपासता येतील. तटाबाहेरील धर्मग्रामांची चर्चे अनेकदा वाढवली गेली आहेत. त्यांतील जुना गाभा ओळखून तो मात्रिझच्या मांडणीशी ताडता येईल. या कामासाठी ‘रोमनेस्क’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. ती नाव म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरली पाहिजे. ही कमान कशासाठी, ही भिंत इतकी जाड का, हा मनोरा कोणाला हाक मारतो, असे प्रश्न तिच्या आधाराने विचारता येतात. वसईच्या मात्रिझला ते विचारले म्हणजे सोळाव्या शतकातील एका वसाहतीच्या चर्चमागे बाराव्या शतकातील गाव दिसू लागते, आणि त्या दोहोंच्या पुढे आजची वसई.